सरता उन्हाळा, मळा आणि रीतिभूतकाळ

१

मराठी ललित गद्यात काही स्थळे अशी आहेत की, ती एखाद्या लेखकाची न राहता साऱ्या वाङ्मयप्रकाराची होऊन बसली आहेत. उन्हाळ्याच्या सुटीतील मळा हे त्यांपैकी एक. विहीर, विहिरीवर वाकलेले जांभळाचे झाड, थारोळ्यात कोसळणारे मोटेचे पाणी, आढीत घातलेले आंबे, उन्हे कलल्यावर अंगणात पडणारा सडा, रात्री उघड्यावर टाकलेल्या बाजा आणि बाजेवर बसून गोष्ट सांगणारी आजी या तपशिलांचा क्रम लेखकागणिक थोडाफार बदलतो. रचना बदलत नाही. शहरातून आलेले मूल, सुटीचे दोन महिने आणि गोळा झालेले सारे घर असा हा संच आत्मकथनात, ललित निबंधात, दिवाळी अंकातील आठवणींत आणि पाठ्यपुस्तकातील धड्यांत इतक्या वेळा आला आहे की, वाचक तो वाचण्यापूर्वीच ओळखतो.

या स्थळाकडे मराठी समीक्षेने दोन प्रकारे पाहिले. आस्वादक समीक्षेने त्यात निरागस बालपण आणि निसर्गाशी तादात्म्य पाहिले. सामाजिक जाणिवेच्या समीक्षेने त्याच मजकुराला शहरी मध्यमवर्गाचे स्मरणरंजन ठरवून बाजूला सारले. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन भूमिकांचे एक गृहीत मात्र समान आहे : उन्हाळा ही पार्श्वभूमी आहे, मळा हा देखावा आहे आणि कुटुंब हे आपसूक जमते. या तिन्ही गोष्टी तपासल्याखेरीज या स्थळाचे वाङ्मयीन मोल ठरविता येणार नाही. ती तपासणी जिथे मामाचा मळा सहज हाती लागतो अशा प्रदेशात करण्यापेक्षा, जिथे पाणी, झाड आणि घर या प्रत्येकाची किंमत मोजावी लागते अशा प्रदेशाच्या संदर्भात केली, तर ती अधिक फलदायी होते. बीड जिल्ह्यातील तेलगावचा परिसर हा असा प्रदेश आहे. बालाघाटाचे डोंगर एका अंगाला, गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी काळी जमीन दुसऱ्या अंगाला, आणि या दोहोंच्या मध्ये उन्हाळा.

२

प्रथम ऋतूचा विचार केला पाहिजे. युरोपीय साहित्यात उन्हाळ्याची अखेर म्हणजे पक्वतेचा काळ. धान्य कापून झालेले, फळे झाडावर जड झालेली, दिवस लहान होऊ लागलेले. तेथील सरत्या उन्हाळ्यात एक गोड खंत असते, कारण पुढे हिवाळा आहे. बागेत जमलेले कुटुंब आणि लांबत जाणाऱ्या सावल्या हे तेथील कथा-कादंबऱ्यांचे आवडते चित्र याच ऋतुभानातून आलेले आहे. संपत आलेला उन्हाळा तेथे संपत आलेल्या सुखाची प्रतिमा बनतो.

भारतीय ऋतुक्रमात हे गणित उलटे आहे. कालिदासाच्या नावे असलेल्या ‘ऋतुसंहारा’चा आरंभच ग्रीष्मापासून होतो, वर्षा त्यानंतर येते. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत नटी जे गाते, तेही ग्रीष्माचेच गीत आहे. म्हणजे ग्रीष्म हा शेवट नसून उंबरठा आहे, हे भान फार जुने आहे. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ (१९५६) मध्ये महिन्यामहिन्याने निसर्ग वाचला, तेव्हा होरपळीच्या महिन्यांतही झाडे आतून काय करीत असतात याकडे मराठी गद्याचे लक्ष प्रथमच इतक्या बारकाईने वेधले गेले. वैशाख-ज्येष्ठात कडुनिंब मोहरून निंबोण्यांवर येतो, बहावा फुलतो, आणि बालाघाटाच्या माळावर सीताफळीला फुले लागलेली असतात. त्यांची फळे पावसाळा सरताना खायची. या ऋतूत एक पीक संपते असे म्हणण्यापेक्षा पुढचे वर्ष उघडण्याच्या बेतात असते असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने तर हा कमालीच्या कामाचा काळ. रोहिणी निघाल्या की मृगाची वाट सुरू होते. त्याआधी नांगरलेल्या रानात वखराच्या पाळ्या घालायच्या, धसकटे वेचायची, उकिरड्यातील खत रानात नेऊन पसरायचे, बांध सावरायचे, बियाण्याची तजवीक करायची. घरात कुरडया, पापड, सांडगे, शेवया. पावसाळ्याची चूल चालावी म्हणून सरपण आणि गोवऱ्या. ज्याला ललित गद्य सुटी म्हणते, तो काळ कृषिवर्षाच्या दृष्टीने वर्षारंभाच्या तयारीचा आहे. सुटी शाळेला असते, शेताला नसते. ही साधी गोष्ट या वाङ्मयप्रकाराने बहुधा नोंदविलेली नाही, आणि ती न नोंदविणे हा त्याच्या रचनेचाच भाग आहे.

३

दुसरा प्रश्न मळ्याचा. ‘बाग’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याचे दोन मार्ग झाले. एका मार्गाने तो बगीच्यापर्यंत, म्हणजे शोभेच्या झाडांपर्यंत गेला. दुसऱ्या मार्गाने तो ‘बागायत’ या महसुली शब्दात शिरला. बागायत म्हणजे ओलिताची जमीन आणि जिरायत म्हणजे पावसावरची. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तेथील महसुली परिभाषेतही खुश्की आणि तरी, म्हणजे कोरडी आणि ओली, हाच भेद मूलभूत होता. तेव्हा मराठी शेतकऱ्याच्या भाषेत बाग ही सौंदर्याची कोटी होण्याआधी पाण्याची कोटी आहे. ज्याच्याकडे विहीर आहे, आणि त्या विहिरीला वैशाखात पाणी आहे, त्याचाच मळा.

मराठी परंपरेतील मळा मुळात विश्रांतीचे स्थळ नाही. अरणच्या सावता माळ्याने आपल्या भाजीच्या वाफ्यांतच विठ्ठल पाहिला. पंढरीची वाट चालण्यापेक्षा मळ्यातले काम त्याला पुरेसे वाटले. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माळी नेईल तिकडे निमूट जाणाऱ्या पाण्याचा जो दृष्टांत आहे, तो ज्याने दारे धरले आहे त्याच्याच अनुभवातून उमगणारा आहे. या दोन्ही ठिकाणी मळ्याला आध्यात्मिक अर्थ लाभतो तो कष्टाला वगळून लाभत नाही, कष्टातून लाभतो.

संस्कृत परंपरेतही बागेचे आणि कुटुंबाचे नाते पाणी घालण्याच्या कामातूनच आले आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात शकुंतला सख्यांसह आश्रमातील झाडांना पाणी घालीत आहे. कण्वांना तुझ्यापेक्षा ही झाडेच अधिक प्रिय असावीत, अशी थट्टा अनसूया करते. आणि शकुंतला सांगते की केवळ तातांची आज्ञा म्हणून ती हे करीत नाही, या झाडांविषयी तिला सख्ख्या भावंडांसारखी माया आहे. ज्याला पाणी घातले तो आप्त, असे हे नाते आहे. हे दृश्य दुष्यंत झाडाआडून पाहत असतो, आणि पाहणाऱ्याला श्रम सुंदर दिसतो. श्रम करणारी आणि श्रम पाहणारा यांतील हे अंतर पुढे साऱ्या मळा-वाङ्मयाचा कळीचा प्रश्न बनते.

४

मिखाईल बाख्तिन याने १९३७-३८ मध्ये लिहिलेल्या आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील स्थलकालाविषयीच्या निबंधात ग्रामसुखाच्या स्थलकालाची लक्षणे सांगितली आहेत. एकाच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चाललेले जीवन, निसर्गचक्राशी जुळलेला काळ आणि जन्म, विवाह, अन्न, श्रम, मृत्यू अशा मोजक्या मूलभूत घटना ही ती लक्षणे होत. अन्न आणि मुले यांची सोबत त्याला या स्थलकालात विशेष अर्थपूर्ण वाटते. मराठी मळ्याला ही लक्षणे चपखल लागू पडतात. मात्र बाख्तिनच्या विवेचनातील एक धागा येथे सैल पडतो. खऱ्या ग्रामसुखात जेवणारे आणि राबणारे एकच असतात. त्यांनी खाल्लेले अन्न त्यांच्याच श्रमाचे असते. सुटीच्या मळ्यात मात्र खाणारा पाहुणा आहे.

रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात इंग्रजी ग्रामकवितेची हीच खोड दाखवून दिली आहे. उमरावांच्या वाड्यांची स्तुती करणाऱ्या सतराव्या शतकातील कवितांत फळे आपण होऊन हाताशी येतात; ती तोडणारे हात दिसत नाहीत. शिवाय प्रत्येक पिढीला सुवर्णकाळ आपल्या नुकताच मागे, एका पिढीच्या अंतरावर दिसतो, हेही विल्यम्सने नोंदविले आहे. मराठी मळाही असाच लेखकाच्या बालपणात, म्हणजे नेमका एका पिढीपूर्वी असतो.

परंतु विल्यम्सचे निदान जसेच्या तसे उचलून मराठी मजकुरावर ठेवले, तर एक महत्त्वाची गोष्ट निसटते. मराठी मळा हा उमरावाचा वाडा नाही. तो बहुतेक वेळा मामाचा मळा आहे. मामाचे गाव म्हणजे आईचे माहेर. मुलाची सुटी ही मुळात आईची सुटी आहे, आणि तिचा वाङ्मयीन इतिहास शाळेपेक्षा जुना आहे. खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात. त्या सणाला लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, गाणी होतात. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या गीतांत (संग्रह, १९५२) आखाजी आणि माहेर या दोहोंना जे स्थान आहे, ते हौसेचे नाही; वर्षभराच्या ओझ्यातून मिळालेल्या श्वासाचे आहे. जात्यावरच्या ओव्यांतही भाऊ न्यायला येतो, वाटेत आंब्याची सावली लागते, माहेरची ओढ लागते. उन्हाळ्यातील कुटुंबमेळा हे स्थळ स्त्रियांनी आधी घडविले. शिकलेल्या मुलाने ते पुढे गद्यात आणताना त्याचा केंद्रबिंदू आईवरून स्वतःवर सरकविला.

या सरकण्यात एक व्यक्ती जवळपास नाहीशी झाली. ती म्हणजे मामी. मामाच्या घरी जमलेल्या वीस माणसांच्या भाकरी कोण थापते, रसासाठी आंबे कोण पिळते, विहिरीवरून कळशा कोण आणते, या प्रश्नांचे उत्तर मामी हे आहे. तिच्या नणंदेचे माहेर ते तिचे सासर. तिचे स्वतःचे माहेर दुसऱ्या गावी, आणि तिथे ती या दिवसांत जाऊ शकत नाही, कारण घरात पाहुणे आहेत. एकाच अंगणात एकीची सुटी आणि दुसरीची दुप्पट राबणूक अशी ही व्यवस्था आहे. मळा-वाङ्मयात मामी येते ती सुगरण म्हणून किंवा खट्याळ विनोदाचा विषय म्हणून. तिच्या बाजूने हेच अंगण पाहिले गेले असते, तर हा वाङ्मयप्रकार स्मरणरंजनाच्या आरोपातून बऱ्याच अंशी सुटला असता. तिला बाहेर ठेवण्यासाठी कोणी कट केलेला नाही. निवेदक मूल असल्यामुळे ते आपोआप घडते. मुलाच्या उंचीवरून ताट दिसते, चूल दिसत नाही.

५

मळ्यात पाहुणा म्हणून न येता मळ्यातच राहणाऱ्याने निवेदन केले तर काय घडते, याची कसोटी आनंद यादव यांच्या लेखनाने घेतली. ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीचे शीर्षकच प्रस्तुत संदर्भात बोलके आहे. गोतावळा म्हणजे नातलगांचा परिवार. येथे तो नारबा या सालगड्याचा आहे, आणि त्यात बैल, म्हशी, कुत्रे, कोंबड्या, पाखरे, झाडे असे सारे आहेत. लग्न न झालेल्या नारबाला माणसांचे कुटुंब नाही. मळा हेच त्याचे कुटुंब. मालक रामूअण्णा ट्रॅक्टर आणतो आणि या कुटुंबाची एकेक जीव करून वाताहत होते. शकुंतलेला झाडांविषयी वाटणाऱ्या भावंडमायेचे आणि नारबाच्या गोतावळ्याचे नाते उघड आहे. फरक असा की, येथे झाडाआडून पाहणारा राजा नाही. पाहणारा आणि राबणारा एकच आहे, आणि तो आपल्या बोलीत बोलतो. म्हणून या कादंबरीतील मळा रम्य असूनही देखावा होत नाही. आपल्या मालकीचे नसलेल्या ठिकाणी जीव गुंतविण्याची किंमत त्यात आहे.

‘झोंबी’ (१९८७) मध्ये हाच मळा आणखी कठोर होतो. शिकू पाहणारे मूल आणि त्याला मळ्याच्या कामाला जुंपू पाहणारा बाप यांच्या संघर्षात शाळा ही सुटका आहे आणि मळा ही जखडणूक. सुटीच्या मळ्याचे हे पुरते उलटे चित्र आहे : तेथे मूल शाळेतून सुटून मळ्याकडे धावते, येथे मळ्यातून सुटून शाळेकडे. भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत मूल बापाबरोबर टोमॅटो घेऊन बाजारात जाते. भाव कोसळतो, आणि बाप स्वतः पिकविलेला माल स्वतःच्या पायांनी तुडवितो. मळ्यातील फळ घराबाहेर पडून बाजारात पोचले की त्याचे काय होते, हे मळा-वाङ्मयाने न सांगितलेले उत्तर या कथेत आहे. मुलाच्या डोळ्यांनीच ते सांगितले असल्यामुळे बालनिवेदक हा स्वभावतःच स्मरणरंजक असतो, या समजालाही ती छेद देते. मुलाची उंची तीच राहते; त्याला कोठे उभे केले आहे यावर त्याला काय दिसेल हे ठरते.

याच्या दुसऱ्या टोकाला ना. धों. महानोर आहेत. ‘रानातल्या कविता’ (१९६७) मध्ये रानाचा उत्सव आहे, आणि तो पळसखेडच्या शेतीत प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसाचा आहे. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला उत्सवाची भाषा वापरण्याचा अधिकार नाही, त्याने दुःखच सांगावे, अशी अपेक्षा ग्रामीण साहित्याच्या चर्चेत अनेकदा अव्यक्तपणे वावरत आली. महानोरांची कविता ही अपेक्षा मोडते. त्यामुळे आनंद हा पाहुण्याचा आणि दुःख हे राबणाऱ्याचे, अशी वाटणी टिकत नाही. मळ्यातील सुख खोटे आहे की खरे, असे विचारून फारसे काही हाती लागत नाही. ते सुख कोणी, कोणत्या काळात आणि कोणत्या क्रियापदाने सांगितले आहे, हे विचारले पाहिजे.

६

क्रियापदाचा मुद्दा अधिक स्पष्ट करण्याजोगा आहे. सुटीच्या मळ्याचे व्याकरण रीतिभूतकाळाचे आहे. आम्ही जात असू, आजोबा सांगत, मामा आंबे उतरवी, रात्री चांदणे पडे : अशी वाक्यरचना या गद्याचा कणा आहे. रीतिभूतकाळ एका प्रसंगाचे नाव घेत नाही. तो अनेक वर्षांच्या प्रसंगांना एकात विरघळवितो. निसर्गचक्राशी जुळलेल्या ज्या आवर्ती काळाविषयी बाख्तिन बोलतो, तो मराठीत एका प्रत्ययात सामावतो. पण हा काळ वापरण्यासाठी एक अट आहे : गोष्टी दरवर्षी तशाच घडल्या पाहिजेत. विहिरीला दरवर्षी पाणी असले पाहिजे, आंब्याला दर एक-दोन वर्षांनी मोहर टिकला पाहिजे, आणि घरची माणसे दर उन्हाळ्यात घरी असली पाहिजेत. रीतिभूतकाळाच्या मागे एक स्थावर मालमत्ता उभी असते.

तेलगावच्या परिसरात ही अट कशी वागते, ते पाहण्यासारखे आहे. धारूर तालुक्यातील या गावी सहकारी साखर कारखाना आहे, आणि सिंदफणेवर माजलगाव येथे १९८७ च्या सुमारास पूर्ण झालेल्या धरणामुळे आसपासच्या काही रानांत ऊस उभा राहिला. म्हणजे कालव्याच्या कृपेने येथेही बागायत आहे, आणि तिच्यालगतच बालाघाटाच्या उतारावर जिरायत आहे. एकाच शिवारात बाग आणि माळ यांची सीमा डोळ्यांनी पाहता येते. त्यात दुष्काळ आहेतच. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातील एका पिढीच्या स्मरणातील कालगणनेचा आरंभ झाला. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांनी पुढच्या पिढीला तिचे स्वतःचे आकडे दिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशातील माणूस उन्हाळ्याविषयी बोलतो तेव्हा ‘दरवर्षी’ असे म्हणत नाही. अमुक साली, असे म्हणतो. त्याचा काळ साधा भूतकाळ असतो, कारण त्याचे प्रत्येक वर्ष वेगळे असते.

आणि तरीही सरत्या उन्हाळ्यात कुटुंब एकत्र येण्याचा अनुभव याच प्रदेशात सर्वांत तीव्र आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळी आटोपली की हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये किंवा त्याहूनही उशिरा, परततात. तोडीच्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात; एकटा असेल तर ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यागणिक. कुटुंबाचे नावच हत्याराचे झाले आहे. सहा महिने पाचटाच्या कोपीत राहिलेले हे कुटुंब आपल्या दारात उतरते, ते नेमके उन्हाळा सरत असताना. म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली मुले आईबापांना भेटतात, ती याच दिवसांत. लग्ने याच दिवसांत उरकली जातात, भिंती याच दिवसांत सारवल्या जातात, आणि पुढच्या हंगामाची चिंताही याच दिवसांत घरात येऊन बसते. कोयता पुन्हा कुटुंब होतो, तो या दोन-चार महिन्यांपुरता.

सुटीच्या मळ्याची रचना येथे पुरती उलटून उभी राहते. तेथे मूल गावाला जाते आणि घर त्याची वाट पाहत असते. येथे मूल गावातच असते आणि घर बाहेरून येते. तेथील पाहुणा मूल. येथील पाहुणे आईबाप, आपल्याच घरी आलेले. तेथे सुटी संपली की मूल रडते. येथे पावसाळा संपत आला की घर हलते. आणि ज्या उसाने हे घडविले, तो ऊस स्वतः बागायतीचे पीक आहे. एकाचा मळा हिरवा राहतो, तो दुसऱ्याचे घर सहा महिने बंद राहिल्यामुळे. विल्यम्सला इंग्रजी कवितेत जे हात दिसले नाहीत, ते हात येथे पत्ता, महिना आणि नाव यांसह उपलब्ध आहेत. मामाच्या गावाला नेणारी बालगीतातील आगगाडी बीड शहरापर्यंत पोचायला २०२५ साल उजाडले. त्याआधीची या जिल्ह्याची वाट उसाने भरलेल्या गाड्यांचीच अधिक होती.

या परिसरातील स्त्रियांनी आपल्या परंपरागत स्थळाचे काय केले, याचा एक पुरावा उपलब्ध आहे. तेलगावपासून जवळच असलेल्या माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या १९९६ च्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. त्यांतील अनेक ओव्या बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या आणि बुद्धाविषयीच्या आहेत. ज्या छंदात भाऊ न्यायला येत असे आणि माहेरची सावली लागत असे, त्याच छंदात आता ज्याने माणूसपण दिले तो आप्त म्हणून येतो. गोतावळा येथेही बदलला आहे : रक्ताच्या नात्यापलीकडे जाऊन तो इतिहासाच्या नात्यापर्यंत आला आहे. सावलीची गरज तीच राहिली. झाड दुसरे निवडले गेले.

७

या विवेचनावर असा आक्षेप संभवतो की, यात साहित्याऐवजी समाजशास्त्र मागितले जात आहे. ललित निबंधकाराने आपला मळा सोडून ऊसतोडीविषयी लिहावे काय? तसे अर्थातच नाही. लेखक आपल्या अनुभवाबाहेर जाऊन लिहू लागला, की त्याच्या लेखनात कळवळा येतो, प्रत्यय येत नाही. मागणी आशयाची नसून रूपाची आहे. ज्या लेखकाने खरोखर मामाच्या मळ्यात उन्हाळे घालविले, त्याने ते लिहावेत. फक्त रीतिभूतकाळ जिथे अडखळला ती जागा पुसू नये. विहीर आटली ते वर्ष, मामी आजारी पडली आणि भाकरी कोणी केल्या हा प्रश्न प्रथमच उभा राहिला तो दिवस, सालगडी सोडून गेला ती सकाळ अशा एका प्रसंगाला साध्या भूतकाळात जागा दिली, तरी साऱ्या आवर्ती सुखाचा पोत बदलतो. ते सुख खोटे ठरत नाही. ते कोणाच्या तरी आधारावर उभे होते, हे दिसू लागते, आणि त्यामुळेच ते अधिक मोलाचे वाटते.

उलट बाजूनेही एक मागणी आहे, आणि ती समीक्षेकडे आहे. ऊसतोडीच्या घरातून आलेला लेखक कोयत्याविषयी, उचलीविषयी, कोपीतल्या बाळंतपणाविषयी लिहितो, तेव्हा समीक्षा त्याची दखल घेते. तोच लेखक वैशाखाच्या अखेरीस दारात बाज टाकून सारे घर एकत्र झोपल्याचे चार-दोन रात्रींचे सुख लिहील, तेव्हा त्याला स्मरणरंजन म्हणून नाकारण्याची घाई समीक्षेने करू नये. ज्याच्याकडे रीतिभूतकाळाची मालमत्ता नाही, त्याने मोजक्या रात्रींना तो काळ लावणे हे वास्तवापासून पळणे नव्हे. जे दरवर्षी मिळायला हवे होते आणि मिळाले नाही, त्यावर केलेला तो दावा आहे. एकाच वाक्यरचनेत एका लेखकाची सवय आणि दुसऱ्याचा हक्क बोलू शकतो. त्यांतील भेद ओळखणे हेच समीक्षेचे काम आहे.

सरत्या उन्हाळ्यातील मळा हे मराठीतील झिजलेले स्थळ आहे, असे म्हणून ते सोडून देण्याचे कारण नाही. आईच्या विश्रांतीचे, मामीच्या राबणुकीचे, नारबाच्या मायेचे आणि परतलेल्या कोयत्याच्या चार दिवसांचे हे स्थळ अजून पुरते लिहिले गेलेले नाही. आजवर ते प्रामुख्याने जाणाऱ्याने लिहिले. येणाऱ्याने ते लिहिले, म्हणजे त्याचे व्याकरण बदलेल.